स्वस्त ‘इंडस्ट्रियल डिझेल’ मशीनमध्ये टाकावं का?

वारणाकाठ

नमस्कार मंडळी,

माझा धाकटा भाऊ शिराळा भागात मुरूम-मातीची कामं घेतो. दोन बॅकहो आहेत, सगळे ज्याला सरसकट जेसीबी म्हणतात ते. एक २०११ सालचं जुनं, दुसरं गेल्याच वर्षी कर्ज काढून घेतलेलं. शिवाय मळ्यातल्या विहिरीवर वडिलांच्या काळातलं एका सिलिंडरचं डिझेल इंजिन आहे, लाइट गेली की तेच पाणी ओढतं.

आता साइटवर एक माणूस छोटा टँकर घेऊन फिरतोय. त्याच्याकडे ‘इंडस्ट्रियल डिझेल’ आहे म्हणे. बॉयलरला, भट्टीला जाळायला जे तेल लागतं तेच. त्यावर पेट्रोल पंपावरचा टॅक्स नाही म्हणून लिटरमागे १८ रुपये स्वस्त. जागेवर पोच. जवळच्या एका ठेकेदाराच्या मशीन त्याच्यावर चालू आहेत आणि अजून तरी कुरकुर नाही.

भावाचा हिशोब सरळ आहे. दोन्ही मशीन मिळून दिवसाला १०० लिटर लागतं, म्हणजे रोजचे १८०० रुपये वाचतात, नव्या मशीनच्या हप्त्याला मोठा आधार होतो. तो म्हणतो, जळतंय म्हणजे चालतंय. त्यानं अजून एक थेंब टाकलेला नाही, माझ्या शब्दावर थांबलाय. पण मला त्याला नुसतं ‘नको’ सांगायचं नाही, कारण सांगायचंय. बाटलीत नमुना आहे: डिझेलपेक्षा गडद, चहासारखा रंग, आणि वास जरा जळक्या रबराचा.

ज्यांना आतली माहिती आहे त्यांनी कृपया लिहा.

माळरान

जुन्या मशीनला काही होत नाही. आमच्या आजोबांनी विहिरीवरचं इंजिन वर्षानुवर्षं रॉकेल मिसळून चालवलं. खुद्द डिझेल साहेबांचं इंजिन १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. डिझेल इंजिन काहीही पचवतं, तीच त्याची खासियत. नव्या मशीनचं सांगू शकत नाही.

नोझल

वारणाकाठ, तुम्ही टाकायच्या आधी विचारलंत हे फार बरं केलंत. मी पंप-नोझलचं, म्हणजे इंजिनात डिझेल दाबाने फवारणाऱ्या भागांच्या दुरुस्तीचं काम करतो, मिरजेकडे. लोक सहसा बिघडलेला पंप हातात घेऊनच येतात.

‘जळतं म्हणजे चालतं’ यातच सगळी गफलत आहे. जाळणं हे डिझेलचं शेवटचं काम. त्याआधी त्याला टाकीपासून नोझलच्या टोकापर्यंत जायचं असतं आणि वाटेत प्रत्येक सरकत्या भागाला वंगण द्यायचं असतं. पंपातला प्लंजर (वरखाली सरकणारा दांडा) आणि बॅरल (त्याची नळी) यांच्यातली फट दोन ते चार मायक्रॉन असते. माणसाचा केस सत्तरेक मायक्रॉन. त्या फटीत ग्रीस नाही, ऑइल नाही, काही नाही. जे इंधन येतं तेच वंगण. भट्टीच्या बर्नरला ही भानगड नसते. तिथं तेल गरम करून फवारायचं आणि पेटवायचं. म्हणून भट्टीचं तेल बनवताना वंगणाचा विचार कुणी करत नाही.

आता जुनं-नवं. माळरान यांचं म्हणणं अर्धं खरं आहे, पण जुनं म्हणजे कुठलं जुनं ते बघावं लागतं. जुन्या ट्रक-ट्रॅक्टरवर जो लांबट इनलाइन पंप असतो त्याच्या खालच्या कॅमशाफ्टला इंजिन ऑइल मिळतं, फक्त वरचे एलिमेंट, म्हणजे प्लंजर-बॅरलच्या जोड्या, इंधनावर असतात. तो पंप मार खातो, पण दम धरतो. रोटरी पंपाचं तसं नाही. गोल, आखूड पंप. त्याच्या आत सगळंच्या सगळं डिझेलमध्ये बुडालेलं असतं. तेल पातळ किंवा कोरडं आलं की आतला फिरता रोटर हेडमध्ये धरतो, म्हणजे अडकून बसतो. २०११ च्या बॅकहोवर कुठला पंप आहे ते भावाला आधी बघायला सांगा.

नव्या मशीनवर बहुतेक कॉमन रेल असेल, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच जाड नळीतून दाबाखालचं डिझेल. तिथं दाब १६०० बारच्या पुढे. हाय प्रेशर पंप एकदा आतून खरवडला की लोखंडाचा भुगा रेलमध्ये, रेलमधून इंजेक्टरमध्ये आणि रिटर्न लाइनने परत टाकीत जातो. मग नुसता पंप बदलून भागत नाही. पंप, रेल, चारही इंजेक्टर, पाइप, टाकी धुणं, सगळंच करावं लागतं. एक इंजेक्टर वीस हजारांच्या पुढेमागे धरा. पंपाचा आकडा वेगळा, आणि तो लाखाच्या घरात जातो. महिन्याला पंचवीस दिवस मशीन चालली तर भावाची बचत ४५ हजार होते. एकच झटका सहा महिन्यांची बचत घेऊन जाईल, आणि मशीन उभी राहील तेवढे दिवस काम बंद, ऑपरेटरचा पगार चालू, बँकेचा हप्ता चालू.

आणि तो जवळचा ठेकेदार, ‘अजून कुरकुर नाही’ म्हणणारा. त्याची मशीन सकाळी गार असताना किती स्टार्टर मारून उठते, धूर कसला येतो, आणि ऑइल डिपस्टिकवर वर चढतंय का, एवढं बघून या.

वारणाकाठ

ऑइल वर चढतं? कमी व्हायला पाहिजे ना?

नोझल

तेच तर. जाड तेल नोझलमधून बारीक धुक्यासारखं फुटत नाही. थेंब मोठे पडतात, लांब जातात आणि जळायच्या आत लायनरच्या भिंतीवर आपटतात. तिथून रिंगच्या कडेने खाली संपमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात. इंजिन ऑइलमध्ये इंधन मिसळत जातं, पातळी वाढते, ऑइल पातळ होतं आणि बेअरिंगला धरायला काही उरत नाही. मालक खूश असतो की मशीन ऑइल खात नाही. उरलेलं अर्धवट जळून नोझलच्या तोंडावर आणि रिंगच्या खाचेत काजळी धरतं. रिंग चिकटल्या की कॉम्प्रेशन गेलं.

रसायनी

इंधन तपासणीच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षं काढली आहेत, त्यामुळे आकडे देतो. भावाला आकडे दाखवता येतील.

आपल्या पंपावरच्या डिझेलला आयएस १४६० हे मानक लागू आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ आलं, तेव्हापासून त्यात गंधक जास्तीत जास्त १० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत दहा. सीटेन क्रमांक, म्हणजे तेल किती चटकन पेट घेतं त्याचं माप, किमान ५१. चाळीस अंशाला घट्टपणा २ ते ४.५ सेंटिस्टोक. आणि नोझल म्हणतात त्या वंगणाची वेगळी चाचणी असते: पोलादी गोळी तेलात बुडवून घासायची आणि पडलेला व्रण मोजायचा. तो ४६० मायक्रॉनपेक्षा मोठा चालत नाही.

भट्टी-बॉयलरसाठी जे अधिकृत हलकं तेल मिळतं ते लाइट डिझेल ऑइल, एलडीओ. त्याचं मानक वेगळं, आयएस १५७७०. घट्टपणा २.५ पासून थेट १५ सेंटिस्टोकपर्यंत चालतो. गंधक दीड टक्क्यापर्यंत, म्हणजे १५,००० पीपीएम. डिझेलच्या दीड हजार पट. नावात ‘डिझेल’ असलं तरी त्यात रिफायनरीच्या तळाचा काही अंश असतो, त्यामुळे जळल्यावर कार्बन आणि राख जास्त.

गंधकाचं काय होतं? जळून त्याचे वायू होतात, ते पाण्याच्या वाफेशी मिळून गंधकाम्ल तयार होतं. इंजिन ऑइलमध्ये आम्ल मारायला अल्कली घातलेली असते. दहा पीपीएमच्या हिशोबाने घातलेली अल्कली अशा तेलापुढे फार लवकर संपते, मग लायनर आणि बेअरिंग आतून खायला लागतात. हे कानाला ऐकू येत नाही. इंजिन उघडल्यावरच दिसतं.

नव्या मशीनच्या प्लेटवर धुराच्या प्रदूषणाची कुठली स्टेज लिहिली आहे बघा. चाकांच्या बांधकाम यंत्रांना एप्रिल २०२१ पासून सीईव्ही स्टेज ४ आणि जानेवारी २०२५ पासून स्टेज ५ लागू झाली. स्टेज ५ असेल तर सायलेन्सरच्या जागी धूर स्वच्छ करणारा उत्प्रेरक आणि काजळीची गाळणी बसलेली असते. गंधक त्या उत्प्रेरकाला निकामी करतं आणि गाळणी तुंबते. ती गाळणी पंपापेक्षा स्वस्त नसते.

आता तुमच्या बाटलीबद्दल. जळक्या रबराचा वास आणि चहाचा रंग वाचून मला ते एलडीओसुद्धा वाटत नाही. जुने टायर बंद भट्टीत तापवून काढलेल्या तेलाला असा वास असतो. पालघरच्या वाडा तालुक्यात आणि इतरत्र असे कारखाने आहेत, त्यांचं तेल भट्ट्यांसाठी विकलं जातं. नुसत्या वासावरून खात्रीने सांगणार नाही, चाचणीच हवी. पण टायरचं तेल असेल तर सीटेन कमी, गंधक भरपूर, आणि साठवून ठेवलं की चिकट गोंद धरतो. सीटेन कमी म्हणजे तेल उशिरा पेट घेतं, मग साचलेलं सगळं एकदम भडकतं. इंजिनाचा जो ठणठण ठोका ऐकू येतो तो त्याचाच.

माळरान

माहितीबद्दल आभार, रसायनी. मग विहिरीवरच्या इंजिनाचं काय? ते तर साधंच असतं.

रसायनी

रास्त प्रश्न आहे. एलडीओ मुळात मिनिटाला साधारण ७५० फेऱ्यांच्या आतल्या संथ इंजिनांसाठीच वापरतात. जड फ्लायव्हीलची ती जुनी, धडधड करत चालणारी इंजिनं. तिथं प्रत्येक थेंबाला जळायला भरपूर वेळ मिळतो. तुम्ही सांगितलेलं शेंगदाणा तेलाचं इंजिनही तसंच संथ होतं. वारणाकाठ यांचं इंजिन त्या जातीचं असेल आणि तेल कंपनीचं खरं एलडीओ बिलासकट मिळत असेल, तर मी आडकाठी करणार नाही. निवळून, गाळून घ्या एवढंच. पण एका सिलिंडरची बरीच इंजिनं १५०० फेऱ्यांची असतात. त्यांना ते चालणार नाही. आणि टँकरवाल्याचं तेल तर दोन्हींना नको, कारण ते काय आहे हे त्यालाही सांगता येणार नाही.

श्टुटगार्टकर

मी डिझेल इंजेक्शनच्याच क्षेत्रात आहे, पुण्यातून इथे आलो. जर्मनीत हा प्रश्न फार जुना आहे, कारण घर गरम करायला तळघरात टाकी भरून हीटिंग ऑइल ठेवणारी घरं इथे अजून लाखोंनी आहेत. त्यावर लिटरमागे कर ६.१३५ सेंट, रस्त्यावरच्या डिझेलवर ४७.०४ सेंट. म्हणजे प्रत्येकाच्या तळघरात स्वस्त ‘डिझेल’ पडलेलं असतं आणि मोह व्हायला तेवढं पुरेसं असतं.

म्हणून सरकारने हीटिंग ऑइलला लाल रंग दिला आहे आणि वर एक रसायन खुणेसाठी मिसळलं आहे, ते किंचित उरलं तरी चाचणीत सापडतं. कस्टम्सचे अधिकारी रस्त्यावर ट्रक थांबवून टाकीतून नमुना काढतात. शेतकऱ्यांनाही ट्रॅक्टरमध्ये ते टाकता येत नाही. त्यांनी नेहमीचं डिझेल घ्यायचं आणि लिटरमागे २१.४८ सेंट परत मागायचे, अशी पद्धत होती. ती सवलत काढायचं ठरल्यावर जानेवारी २०२४ मध्ये हजारो ट्रॅक्टर बर्लिनच्या रस्त्यांवर आले होते. इंधनाचा खर्च शेतकऱ्याला कुठे टोचतो ते तेव्हा जवळून पाहिलं, म्हणून वारणाकाठ यांच्या भावाचा हिशोब मी मुळीच हलका समजत नाही.

यंत्राच्या बाजूने सांगायचं तर इथलं हीटिंग ऑइल डिझेलच्या खूप जवळचं आहे. एकाच रिफायनरीतून, जवळपास त्याच प्रवाहातून येतं. कमी गंधकाच्या प्रतीत गंधक ५० पीपीएमपर्यंत. तरीही त्याच्या मानकात सीटेनची हमी नाही, कारण बर्नरला सीटेन लागत नाही. हिवाळ्यात इथलं डिझेल उणे २० अंशापर्यंत फिल्टरमधून जाईल असं बनवतात, हीटिंग ऑइलला ती अट नाही. थंडीत त्यात मेण धरतं आणि फिल्टर बंद पडतो. जुन्या इनलाइन पंपाचे ट्रॅक्टर त्यावर चालले, हे खरं आहे. कॉमन रेलवर कुठलाही उत्पादक त्याला हो म्हणत नाही.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो फरक असा: इथे हीटिंग ऑइल मानकाप्रमाणे असतं, तेल विकणारा नोंदलेला असतो, आत काय आहे ते कागदावर असतं, आणि तरी त्याला इंजिनात घालू नका म्हणतात. शिराळ्याच्या साइटवर येणाऱ्या टँकरला मानक नाही, बिल नाही, आजचं आणि पुढच्या आठवड्याचं तेल एकच असेल याचीही खात्री नाही.

हर्णैकर

आमच्या दर्यावरचं सांगतो. मच्छीमार नौकांना डिझेलवरच्या विक्रीकराचा परतावा सोसायटीमार्फत मिळतो, पण तो हातात यायला वेळ लागतो. तोवर तांडेलाला, म्हणजे नौकेच्या प्रमुखाला, पैसे घालूनच जावं लागतं. मग समुद्रातच कुणी स्वस्त डिझेल देतो म्हणून येतो, आणि लोक घेतात. किनाऱ्यावर असलं तस्करीचं डिझेल पकडल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील.

बंदरातली एक नौका असल्या तेलावर गेली होती. फिल्टर काळ्या गाळाने भरला, बदलला, परत भरला. जवळचे फिल्टर संपल्यावर इंजिन बंद. वारा उलटा. दुसऱ्या नौकेने दोर टाकून ओढत आणली, म्हणून खलाशी घरी आले. जमिनीवर मशीन बंद पडली तर माणूस खाली उतरून घरी चालत जाईल. आमच्याकडे तसं नाही. म्हणून आमच्या सोसायटीत मी प्रत्येक हंगामाआधी हे बोलतो आणि बोलत राहणार.

नोझल

हर्णैकर दादा, हे इथे लिहिलंत ते फार गरजेचं होतं. नौकेसाठी एक सुचवतो: टाकी आणि पंपाच्या मध्ये पाणी वेगळं करणारा काचेच्या वाटीचा सेपरेटर जोडीने बसवा, मध्ये व्हॉल्व्ह ठेवा. एक तुंबला तर इंजिन बंद न करता दुसऱ्यावर घेता येतं.

हर्णैकर

बसवून घेतो. सोसायटीत पण सांगतो.

कलम

कायद्याची बाजू थोडक्यात. पेट्रोल-डिझेलची विक्री आणि भेसळ यासाठी जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली २००५ चा नियंत्रण आदेश आहे. सॉल्व्हंट आणि तत्सम तेलं वाहनांत वापरली जाऊ नयेत म्हणून २००० सालचा वेगळा आदेश आहे. या कायद्यात शिक्षा सात वर्षांपर्यंत जाऊ शकते. टँकरवाला अडकला की त्याच्या वहीत ज्यांची नावं असतात त्यांच्याकडेही चौकशी येते.

टॅक्स नाही हे बोलणंही खोटं आहे. डिझेल जीएसटीबाहेर आहे, त्यावर केंद्राचं उत्पादन शुल्क आणि राज्याचा व्हॅट. भट्टीच्या तेलावर जीएसटी लागतो. त्याच्याकडे जीएसटीचं बिल मागा. देणार नाही.

वॉरंटी आणि विमा हे दोन मुद्दे भावाला नक्की सांगा. नव्या मशीनचा पंप गेला की कंपनीचा माणूस पहिल्यांदा टाकीतला नमुना घेतो. नमुना नापास झाला की दावा तिथेच संपतो, हप्ते मात्र चालूच राहतात.

गिरणाकाठ

मी मालेगाव भागातला. हा धागा वाचताना एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. २५ जानेवारी २०११ रोजी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे मनमाडजवळ रस्त्याकडेला चाललेली इंधनाची भेसळ पाहून गाडीतून उतरले आणि जाब विचारला. त्यांना तिथे भर दिवसा जिवंत जाळलं. दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिन होता.

लिटरमागे काही रुपये सुटतात ते कुठल्या साखळीतून सुटतात, हे आमच्या भागातल्या माणसाला विसरता येत नाही. वारणाकाठ, तुमच्या भावाचा यात काही दोष नाही, त्याला हप्ता भरायचाय. पण त्या टँकरवाल्याला साइटवर उभं करू नका, एवढी कळकळीची विनंती.

वारणाकाठ

गिरणाकाठ, तुमचा प्रतिसाद भावाला तसाच्या तसा वाचून दाखवला. तो बराच वेळ काही बोलला नाही.

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं ते असं: टँकर नको. जुन्या मशीनवर रोटरी पंप निघाला. विहिरीच्या इंजिनाच्या प्लेटवर १५०० फेऱ्या लिहिलंय, म्हणजे तिथेही पंपावरचंच डिझेल.

आता दोन शेवटचे प्रश्न. एक, तेल कंपन्यांच्या नावाने जागेवर डिझेल पोचवणाऱ्या गाड्या असतात, त्या तरी खऱ्या का? दोन, पंपावरचं डिझेलही चांगलं आहे हे कसं ओळखायचं?

कलम

पहिल्याचं उत्तर: हो, अधिकृत असतात. गाडीला स्फोटक सुरक्षा विभाग, म्हणजे पेसोची मान्यता असते, मीटर सीलबंद असतो, छापील बिल मिळतं आणि भाव पंपाइतकाच, कधी पोचवायचे पैसे वर. भाव खूप कमी असेल तर ती गाडी ती नव्हे. आणि साइटवर साठवत असाल तर परवान्याशिवाय एकूण २५०० लिटरपर्यंत चालतं, पण एकही पिंप किंवा टाकी १००० लिटरच्या वरची नको.

रसायनी

दुसऱ्याचं: पंपावर हायड्रोमीटर आणि तापमापक ठेवावाच लागतो आणि ग्राहकाने मागितलं तर घनता मोजून दाखवावी लागते. त्या दिवशीच्या नोंदवहीतल्या आकड्याशी ती जुळवा. मात्र घनता जुळली म्हणजे सगळं ठीक असं धरू नका. हलकं रॉकेल आणि एखादं जड तेल योग्य प्रमाणात मिसळलं की घनता डिझेलची येते, वंगण आणि सीटेन मात्र येत नाही. म्हणून एकाच खात्रीच्या पंपावर भरा, बिलं जपून ठेवा, आणि मोठा साठा भरताना लिटरभर नमुना स्वच्छ धातूच्या डब्यात तारीख टाकून बाजूला ठेवा. उद्या पंप गेला आणि वाद झाला तर तपासायला हातात काहीतरी असेल.

नोझल

आणि टाकी संध्याकाळी काम संपल्यावर भरा, सकाळी नको. रिकाम्या टाकीत रात्री गार हवेने पाणी सुटतं. सेपरेटरच्या वाटीतलं पाणी ऑपरेटरने रोज सकाळी सोडायचं, स्टार्टर मारायच्या आधी. जुन्या मशीनचा पंप एकदा टेस्ट बेंचवर लावून घ्या, इतक्या वर्षांत कधी कॅलिब्रेशन (किती डिझेल सोडतो ते मोजून जुळवणं) झालं नसेल तर डिझेल जादा जात असणार. लिटरमागे १८ रुपये नाही सुटायचे, पण तासाला जे थोडं वाचेल ते हक्काचं. कुणाकडेही करा, फक्त काम चालू असताना भावाला समोर उभं राहायला सांगा.